औषधी रेणूंच्या रचनेमागचे रसायनशास्त्र: पाठांतराच्या पलीकडे कसे जावे?

कार्बनवाचक (प्रश्न)

रसायनशास्त्रातील पदवी पूर्ण केल्यानंतर मी औषधी रसायनशास्त्राचा अभ्यास स्वतःच्या स्वतः सुरू केला आहे. सेंद्रिय अभिक्रिया, त्यांच्या यंत्रणा, त्रिमितीय रचना, आम्ल-आम्लारी संकल्पना यांची बऱ्यापैकी तयारी आहे, असे मी समजत होतो. परंतु औषधाचा एखादा रेणू समोर आला की या सगळ्या ज्ञानाचा उपयोग कसा करायचा, तेच कळेनासे होते.

पाठ्यपुस्तकांत प्रत्येक औषधवर्गाखाली रचना आणि क्रिया यांचा संबंध सांगणारी एक यादी असते. या जागी मिथिल गट असेल तर क्रिया वाढते, त्या जागी क्लोरीन आणल्यास ती घटते, अमुक वलय अत्यावश्यक आहे, तमुक बदलता येते, अशी ती विधाने असतात. ती पाठ होतात आणि परीक्षेपुरती लक्षातही राहतात. पण पुस्तकात नसलेला रेणू कोणी पुढे ठेवला, तर त्याच्याविषयी एक वाक्यही मला आत्मविश्वासाने सांगता येत नाही.

मला मुख्यतः हे समजून घ्यायचे आहे की एखाद्या गटामुळे औषधाची क्रिया वाढते म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमके काय घडते, आणि रेणूची आखणी करणारी व्यक्ती कोणता गट कोठे ठेवायचा हे कशावरून ठरवते. त्याला जोडून दोन उपप्रश्न आहेत. यासाठी जीवशास्त्र कितपत शिकावे लागेल? आणि संगणकावर प्रथिनाच्या खाचेत रेणू बसवून पाहण्याची डॉकिंगची साधने आता सहज मिळत असताना हे सारे हाताने समजून घेण्याची गरज उरली आहे का?

प्रयोगवही (उत्तर)

आपल्या अडचणीचे मूळ त्या याद्यांमध्येच आहे. यादी हा कित्येक वर्षे चाललेल्या कामाचा शेवटचा अर्क असतो. काम चालू असताना रसायनतज्ज्ञासमोर यादी नसते. एक ठरावीक अडचण असते आणि रेणूतील प्रत्येक बदल हा त्या अडचणीवर करून पाहिलेला उपाय असतो. म्हणून पन्नास औषधे वरवर वाचण्याऐवजी एकाच औषधाचा जन्म पायरीपायरीने तपासावा आणि प्रत्येक पायरीवर एवढेच विचारावे की हा बदल कोणत्या अडचणीसाठी केला होता. मी स्वतः शिकवताना यासाठी रक्तदाबावरील कॅप्टोप्रिल हे औषध घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळेच मुद्दे येतात.

शरीरात एसीई (अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम) नावाचे एक एन्झाइम असते. ते अँजिओटेन्सिन १ या पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळीच्या, टोकाची दोन अमिनो आम्ले कापून अँजिओटेन्सिन २ तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. ब्राझीलमधील जराराका या सापाच्या विषातील काही पेप्टाइडे हे एन्झाइम रोखतात, असे १९६० च्या दशकात सुरू झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यांपैकी नऊ अमिनो आम्लांचे टेप्रोटाइड रुग्णांमध्ये परिणामकारक ठरले, परंतु ते पोटात घेण्याजोगे नव्हते. पेप्टाइड असल्यामुळे ते टोचूनच द्यावे लागे. म्हणजे पहिली अडचण ही की हेच काम करणारा, पण लहान आणि पेप्टाइड नसलेला रेणू हवा होता.

स्क्विब या कंपनीतील डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्डेट्टी यांच्याजवळ या एन्झाइमची त्रिमितीय रचना नव्हती. त्यांना माहीत होते ते एवढेच की एसीईच्या क्रियास्थानी जस्ताचा आयन आहे, आणि कार्बॉक्सिपेप्टिडेज ए या दुसऱ्या, चांगल्या परिचित एन्झाइममध्येही तो असतो. त्या दुसऱ्या एन्झाइमला बेन्झिलसक्सिनिक आम्ल रोखते, हे तोवर प्रसिद्ध झाले होते. कार्बॉक्सिपेप्टिडेज एका वेळी एक अमिनो आम्ल कापते आणि एसीई दोन. तेव्हा आपल्या रेणूतील दोन टोकांमधले अंतर एका अमिनो आम्लाइतके वाढवले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. सापाच्या विषातील पेप्टाइडांच्या शेवटी प्रोलिन असते, म्हणून एका टोकाला प्रोलिन घेतले आणि सक्सिनिल प्रोलिन हा रेणू बनवला. तो चालला, पण फारच क्षीणपणे.

यानंतरचे दोन बदल मी विद्यार्थ्यांना वहीत काढायला लावतो. पहिल्या बदलात जस्ताकडे तोंड असलेला कार्बॉक्सिल गट काढून तेथे सल्फर असलेला थायॉल गट बसवला. जस्ताला सल्फरची ओढ जास्त असते, हे असेंद्रिय रसायनशास्त्रात आपण शिकलेलेच असते; येथे त्या एका बदलाने रेणूची ताकद हजार पटींहून अधिक वाढली. दुसऱ्या बदलात साखळीवर, ठरावीक त्रिमितीय दिशेने, एक मिथिल गट आला आणि ताकद आणखी सुमारे दहापट वाढली. ॲलॅनिन या अमिनो आम्लाची पार्श्वशाखा एन्झाइमच्या ज्या लहानशा खोबणीत बसते, तेथेच हा मिथिल गट बसतो. तोच गट विरुद्ध दिशेने लावला की लाभ नाहीसा होतो. आपल्या पाठ्यपुस्तकात याचे रूप ‘मिथिल गटाने क्रिया वाढते’ एवढेच उरलेले असते.

आता क्रिया वाढते म्हणजे काय, ते अंकांत पाहू. शरीराच्या तापमानाला बंधनाची ताकद दहापट वाढवायला मुक्त ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढाच फरक पुरतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला लागणाऱ्या ऐंशी-नव्वद किलोकॅलरींशी याची तुलना केली, तर औषधाची आखणी किती बारीक फरकांवर चालते याची कल्पना येईल. पाणीही हिशेबात धरावे लागते. रेणू प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडतो, पण त्याआधी त्याला पाण्याशी असलेले हायड्रोजन बंध सोडावे लागतात. म्हणून कागदावर एक नवा हायड्रोजन बंध दिसला तरी प्रत्यक्षात लाभ शून्य किंवा उणेही असू शकतो. पाण्याशी फारसे न जमणारा साधा मिथिल गट मात्र योग्य खोबणीत बसला, तर तेथील पाण्याची सुटका होऊन बरेच काही मिळवून देतो.

कॅप्टोप्रिलला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली, पण अडचणी संपल्या नव्हत्या. काही रुग्णांना पुरळ येई, काहींची चव जाई. थायॉल गट असलेल्या पेनिसिलामाइन या अगदी वेगळ्या औषधातही हेच त्रास दिसत असल्यामुळे संशय सल्फरवर गेला. मर्क कंपनीतील गटाने सल्फर सोडून पुन्हा कार्बॉक्सिल गटाकडे वळायचे ठरवले. त्यामुळे जस्ताशी असलेली पकड ढिली होणार होती, म्हणून ती भरून काढण्यासाठी शेजारच्या रिकाम्या खोबणीत बसेल असा फेनिल-इथिल गट जोडला. हा रेणू म्हणजे एनालाप्रिलॅट. बंधन उत्तम, परंतु तोंडाने घेतल्यास आतड्यातून शोषण अत्यल्प. मग त्यातील एका कार्बॉक्सिल गटाचे इथिल एस्टर केले, तेच एनालाप्रिल. ते आतड्यातून शोषले जाते आणि नंतर शरीरातील एस्टरेज एन्झाइमे एस्टर तोडून खरा रेणू मोकळा करतात.

राहिला कोरडा खोकला. तो कॅप्टोप्रिलनेही येतो आणि एनालाप्रिलनेही, कारण एसीई हेच एन्झाइम ब्रॅडिकिनिनचेही विघटन करते. ते रोखले की हे पेप्टाइड साचते आणि त्यामुळेच खोकला येतो, असे मानले जाते. पुरळ हा बऱ्याच अंशी त्या विशिष्ट रेणूचा दोष होता, म्हणून रेणू बदलून तो कमी करता आला. खोकला हा लक्ष्याचा, म्हणजे औषध ज्या प्रथिनावर काम करते ते रोखण्याचा, परिणाम आहे आणि रेणूत कितीही कलाकुसर केली तरी तो जात नाही. त्यासाठी लॉसार्टनसारख्या, अँजिओटेन्सिनचा ग्राही (त्याचा संदेश घेणारे प्रथिन) रोखणाऱ्या औषधांकडे, म्हणजे वेगळ्याच लक्ष्याकडे जावे लागले. दुष्परिणाम वाचताना तो यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. माझ्या मते रसायनतज्ज्ञाला लागणाऱ्या जीवशास्त्राचा मोठा भाग एवढ्यातच येतो. त्याच्या जोडीला एन्झाइमांची गतिकी, पेशीपटलाची रचना आणि यकृताचे काम समजले की सुरुवातीला पुरे.

आयनविचार (उत्तर)

वरील उत्तर उत्तम आहे, पण त्यात एक गोष्ट नकळत झाली आहे. ताकदीच्या प्रत्येक पायरीला कारण मिळाले, शोषणाची पायरी मात्र ‘शोषण अत्यल्प’ म्हणून उरकली गेली. माझ्या अनुभवात नवशिके नेमके येथेच अडखळतात. त्यांना बंधनाचे आकर्षण असते आणि रेणू त्या प्रथिनापर्यंत पोहोचतो कसा, याचा विचार ते शेवटी करतात. मी तर म्हणेन की कोणताही औषधी रेणू समोर आला की त्याच्या लक्ष्याचे नावही वाचण्याआधी त्यातील आम्लधर्मी आणि आम्लारीधर्मी गट शोधावेत आणि पीएच ७.४ ला प्रत्येकावर कोणता विद्युतभार असेल, ते पेन्सिलने लिहावे.

ॲस्पिरिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित असतात तो, सुमारे ३.५ आहे. जठरातील पीएच १.५ धरला तर फरक दोनचा येतो, म्हणजे शंभर रेणू भाररहित असताना एकावर ऋणभार असतो. रक्ताच्या ७.४ पीएचला फरक ३.९ चा होतो आणि पारडे उलटते. एका भाररहित रेणूमागे जवळपास आठ हजार रेणू भारित असतात. पेशीपटलाच्या मेदयुक्त थरातून भाररहित रूप सहज जाते, भारित रूप जात नाही. यावरून ॲस्पिरिन मुख्यतः जठरातच शोषले जात असावे, असा निष्कर्ष कोणीही काढील आणि तो चुकेल. लहान आतड्याचे क्षेत्रफळ इतके प्रचंड आहे की तेथे भाररहित रेणूंचे प्रमाण कमी असूनही बहुतेक शोषण तेथेच होते. सूत्राने दिशा कळते; उत्तरासाठी शरीराची रचनाही पाहावी लागते.

एनालाप्रिलॅटवर ७.४ पीएचला दोन कार्बॉक्सिलेट गट असतात आणि एक अमाइन असते. एवढे भार घेऊन मेदाचा थर ओलांडणे जवळजवळ अशक्य आहे. एस्टर केल्याने एक ऋणभार नाहीसा होतो आणि शेजारच्या अमाइनची आम्लारीधर्मिताही कमी राहते. इथिल गटाचे मोल एवढेच आहे. एसीईला रोखण्यात त्याचा वाटा नाही, उलट तो असेपर्यंत रेणू जवळजवळ निष्क्रियच असतो.

विद्युतभार नेहमीच शत्रू असतो असेही नाही. ॲलर्जीवरील टरफेनाडिनचे उदाहरण घ्या. हा रेणू हृदयाच्या स्नायूतील एचईआरजी नावाची पोटॅशियम वाहिनी रोखतो, पण एरवी ते लक्षात येत नसे, कारण यकृतातील सीवायपी३ए४ हे एन्झाइम पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळ्या टरफेनाडिनचे ऑक्सिडीकरण करून टाकी. रुग्णाने त्याच वेळी केटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतले की ते एन्झाइम अडवले जाई, टरफेनाडिन रक्तात साचे आणि हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. त्याची जागा घेणारे फेक्सोफेनाडिन म्हणजे यकृतात तयार होणारे तेच ऑक्सिडीकृत रूप होय. टरफेनाडिनच्या एका मिथिल गटाच्या जागी त्यात कार्बॉक्सिल गट असतो. ॲलर्जीतील हिस्टामिन ग्राहीवरील काम टिकले, हृदयाच्या वाहिनीशी असलेली पकड सुटली, आणि रेणूवर धन व ऋण असे दोन्ही भार असल्यामुळे, तसेच रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरचे पंप त्याला बाहेर ढकलत असल्यामुळे गुंगीही फारशी येत नाही. एका गटाचा हिशेब तीन ठिकाणी मांडावा लागतो, आणि त्यांपैकी दोन ठिकाणांचा औषधाच्या मूळ लक्ष्याशी काही संबंध नाही.

लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये मांडलेले निकष आपल्या वाचनात आलेच असतील: रेणूभार ५०० पर्यंत, लॉग पी (पाण्यापेक्षा मेदात विरघळण्याचा कल) ५ पर्यंत, हायड्रोजन बंध देणारे गट ५ पर्यंत आणि घेणारे १० पर्यंत. ते पाठ करायला हरकत नाही, पण तोंडाने घेण्याच्या औषधाचे शोषण कोठे अवघड होऊ लागते, याची ती ढोबळ सूचना आहे; या मर्यादांत बसणारा रेणू औषध होतोच असे नाही, आणि निसर्गातून मिळालेली कित्येक औषधे त्या सर्रास मोडतात.

त्रिमितदर्शी (उत्तर)

डॉकिंगविषयी थोडक्यात लिहितो, कारण माझे रोजचे काम तेच आहे. लाखो रेणूंतून काहीशे निवडायचे असतील, तर डॉकिंग फार उपयोगी पडते. दोन जवळच्या रेणूंपैकी कोणता दहापट चांगला, हे मात्र त्याला विश्वासाने सांगता येत नाही. कारण वर आलेच आहे. दहापटीचा अर्थ १.४ किलोकॅलरी आणि या साधनांची चूक अनेकदा त्याहून मोठी असते. पाण्याचा हिशेब त्यांत ढोबळ असतो आणि प्रथिन बहुधा ताठ धरलेले असते.

प्रत्यक्षात प्रथिन ताठ नसते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये वापरलेली कुलूप-किल्लीची उपमा सुरुवातीला ठीक आहे. पण रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब एबीएल या कायनेजच्या (फॉस्फेट गट जोडणाऱ्या एन्झाइमच्या) निष्क्रिय आकारालाच पकडून ठेवते, हे त्याची स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली तेव्हा स्पष्ट झाले. रेणू त्याआधीच तयार होता. एसीईबाबत तर अंतर आणखी मोठे आहे. मानवी एसीईची स्फटिकरचना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे कॅप्टोप्रिल बाजारात येऊन दोन दशके झाल्यानंतर.

तरीही त्रिमितीय रचना पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन, आणि तेही डॉकिंग न करता. प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे आणि सर्वांना विनामूल्य खुली आहे. तेथून लिसिनोप्रिल या एनालाप्रिलच्याच वर्गातील औषधासह असलेली एसीईची रचना उतरवून घ्यावी, रेणू पाहण्याच्या कोणत्याही मोफत प्रणालीत उघडावी आणि औषधाच्या प्रत्येक अणूपासून चार अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आत काय आहे, ते हाताने नोंदवावे. जस्त कोणाकडे आहे, प्रोलिनचा कार्बॉक्सिलेट कोणत्या धनभारित शाखेसमोर येतो, फेनिल वलयाभोवती काय आहे, हे लिहून काढायला एक संध्याकाळ जाते. त्यानंतर सीएचईएमबीएल या संग्रहात त्याच लक्ष्यावर मोजलेल्या इतर रेणूंचे आकडे पाहावेत. कोणत्या गटाने लाभ झाला यापेक्षा कोणत्या गटाने काहीच झाले नाही, हे पाहणे मला जास्त बोधप्रद वाटते. अशा जागा बहुधा पाण्याकडे तोंड करून असतात, आणि विद्राव्यता सुधारणारा गट जोडायचा झाला तर आखणी करणारा तीच जागा निवडतो. इमॅटिनिबच्या टोकाचे मिथिल पिपरॅझिन मुळात विद्राव्यता वाढवण्यासाठीच जोडलेले होते.

कार्बनवाचक (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅप्टोप्रिल, एनालाप्रिलॅट आणि एनालाप्रिल यांच्या रचना शेजारी शेजारी काढून प्रत्येकीवरील विद्युतभार लिहून पाहिले, तेव्हा एस्टरचे प्रयोजन लगेच ध्यानात आले. परंतु त्यातूनच एक नवी शंका निर्माण झाली. लिसिनोप्रिलमध्ये एस्टर नाही. दोन्ही कार्बॉक्सिल गट मोकळे आहेत आणि ॲलॅनिनच्या जागी लायसिन असल्यामुळे आणखी एक धनभारित अमाइन आहे. भारांच्या हिशेबाने ते एनालाप्रिलॅटपेक्षाही वाईट ठरायला हवे. मग ते गोळीच्या रूपात कसे देता येते?

आयनविचार (उत्तर)

शंका अगदी रास्त आहे. मेदाच्या थरातून आपोआप झिरपणे हा शोषणाचा एकच मार्ग नाही. आतड्याच्या पेशींवर लहान पेप्टाइडे आत ओढून घेणारी वाहक प्रथिने असतात, आणि लिसिनोप्रिलची ठेवण अशा पेप्टाइडाच्या जवळची असल्यामुळे त्याच्या शोषणात या वाहकांचा हात असल्याचे मानले जाते. तरीही हे शोषण फार चांगले नाही. घेतलेल्या मात्रेपैकी सरासरी सुमारे २५ टक्केच औषध रक्तात पोहोचते आणि व्यक्तीनुसार हे प्रमाण बरेच बदलते. आपला हिशेब त्यामुळे खोटा ठरलेला नाही.

मग हे औषध टिकले कसे, तर बाकीच्या बाजू भक्कम आहेत म्हणून. एसीईशी त्याची पकड इतकी घट्ट आहे की शोषलेला चौथा हिस्साही पुरतो आणि दिवसातून एक मात्रा भागते. यकृताने एस्टर तोडून देण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून यकृत अशक्त असलेल्या रुग्णात ही एक चिंता कमी होते. उलट ते चयापचय न होता जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर मात्रा कमी करावी लागते.

आपण काढलेल्या तीन रचनांच्या शेजारी चौथी म्हणून याच वर्गातील रामिप्रिल काढून पाहा. त्यात प्रोलिनच्या वलयाला आणखी एक वलय जोडलेले आहे आणि एस्टरही आहे. ते जास्तीचे वलय कोणत्या अडचणीसाठी आले असावे, याचा अंदाज रचना उघडून पाहण्याआधी लिहून ठेवा आणि मग त्रिमितदर्शी यांनी सांगितल्याप्रमाणे त्या भागाच्या चार अँगस्ट्रॉमच्या आत काय आहे ते तपासा.